१९०२ चा कायदा: तिसरे कलम छापले, चौथे का वगळले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगभरातील स्त्रियांच्या मताधिकाराचा सालवार आढावा घेणारा लेख वाचला. त्यात १९०२ या सालापुढे ऑस्ट्रेलियातील स्त्रियांना मतदानाचा व निवडणूक लढवण्याचा हक्क मिळाला, एवढीच नोंद आहे. नोंद चुकीची नाही. न्यूझीलंडने १८९३ मध्ये स्त्रियांना मत दिले, पण उमेदवारीसाठी त्यांना १९१९ पर्यंत थांबावे लागले. त्यामुळे दोन्ही हक्क देशपातळीवर एकत्र देण्याचा पहिला मान ऑस्ट्रेलियाकडे जातो, हे मान्यच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या कायद्याने हे घडवून आणले त्याचे तिसरे कलम आपण वाचकांना सांगितले आणि त्याला लागूनच असलेले चौथे कलम सोडून दिले.

१२ जून १९०२ रोजी अमलात आलेल्या या मताधिकार कायद्याचे तिसरे कलम एकवीस वर्षांवरील ब्रिटिश प्रजाजनांना, पुरुष असोत वा स्त्रिया, विवाहित असोत वा अविवाहित, मतदार मानते. चौथे कलम लगेच बजावते की ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका व पॅसिफिक बेटे येथील मूळ रहिवाशांची नावे मतदारयादीत घालता येणार नाहीत. या प्रदेशांत अपवाद फक्त न्यूझीलंडचा. म्हणजे ज्यांच्या भूमीवर हे संघराज्य उभे राहिले ते लोक, आणि ज्यांना एरवी साम्राज्याचे प्रजाजन म्हणून गौरवले जाई ते हिंदी लोकही, एका वाक्यात बाहेर काढले गेले. न्यूझीलंडला सूट मिळाली ती काही तेथील मूळनिवासी माओरींवरील प्रेमापोटी नव्हे. तो देश पुढेमागे संघराज्यात सामील होईल अशी आशा होती आणि तेथे माओरींना मत आधीपासूनच होते. सोयीचे असेल तेव्हा वंशाचा नियम किती लवचीक होतो, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

‘त्या काळी सगळे असेच विचार करत’ असे यावर कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. सिनेटर रिचर्ड ओकॉनर यांनी मांडलेल्या मूळ विधेयकात मूळनिवासींना वगळलेले नव्हते. वगळणारी दुरुस्ती चर्चेच्या ओघात आली आणि कनिष्ठ सभागृहात एच. बी. हिगिन्स यांच्या पुढाकाराने ती मंजूर झाली. शिवाय साउथ ऑस्ट्रेलियाने १८९४ मध्येच स्त्रियांना मत दिले होते आणि त्यात वंशाची अट नव्हती. अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठावरील पॉइंट मॅक्ले या मिशन वस्तीत मतदान केंद्र होते आणि १८९६ च्या निवडणुकीत तेथील नारिंजेरी समाजाच्या स्त्री-पुरुषांनी मतदानही केले होते. तेव्हा १९०२ मध्ये या लोकांना काही द्यायचे राहून गेले असे नाही, काहींच्या हातात असलेले काढून घेतले गेले.

ते कसे घडले हे पाहण्यासारखे आहे. संघराज्याच्या घटनेचा मसुदा तयार होत असताना साउथ ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधींना आपल्याकडील स्त्रियांचे मत जाईल अशी धास्ती होती. म्हणून फ्रेडरिक होल्डर यांच्या आग्रहातून ४१ वे कलम आले: ज्याला घटक राज्याच्या निवडणुकीत मत आहे त्याला केंद्राच्या निवडणुकीत कोणत्याही केंद्रीय कायद्याने अडवता येणार नाही. स्त्रियांसाठी बांधलेल्या या तटबंदीचा लाभ नारिंजेरींनाही मिळायला हवा होता. परंतु केंद्रीय कायदा खात्याचे प्रमुख अधिकारी रॉबर्ट गॅरन यांनी अर्थ असा लावला की १९०२ मध्ये जे राज्याच्या यादीत होते तेवढ्यांनाच हे संरक्षण आहे. परिणामी पॉइंट मॅक्लेच्या आईचे मत कायम राहू शके, पण नंतर एकविसावे वर्ष ओलांडणारी तिची मुलगी अ‍ॅडलेडच्या राज्य विधिमंडळासाठी मत देऊ शके आणि तेव्हा मेलबर्नला भरणाऱ्या केंद्रीय संसदेसाठी नाही.

याच ४१ व्या कलमाचा आधार पुढे एका हिंदी माणसाने घेतला. मेलबर्नमध्ये राहणारे मित्ता बुलोश व्हिक्टोरिया राज्याच्या यादीत होते. १९२४ मध्ये ते न्यायालयात गेले आणि जिंकले. त्याआधी १९२२ मध्ये पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री यांनी ऑस्ट्रेलियाचा दौरा करून हिंदी रहिवाशांच्या मताधिकाराची बाजू मांडली होती. सरकारने बुलोश यांच्या निकालाविरुद्धचे अपील गुंडाळले आणि १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्यांना मत दिले. मूळनिवासींना मात्र त्या दुरुस्तीत स्थान नव्हते. १९४९ मध्ये सैन्यात सेवा केलेल्यांना व राज्यात मत असलेल्यांना, आणि १९६२ मध्ये उरलेल्या सर्वांना नाव नोंदवण्याची मुभा मिळाली. (१९६७ चे सार्वमत मताधिकारासाठी होते, हा समजही बराच पसरलेला आहे, ते जनगणनेतील मोजणी आणि केंद्राचा कायदे करण्याचा अधिकार याविषयी होते.)

व्हिडा गोल्डस्टाइन यांच्यासह चार स्त्रिया १९०३ च्या निवडणुकीत उभ्या राहिल्या, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. त्यांच्या हक्काची नोंद ठळकपणे राहावीच. हा तक्ता आपण पुन्हा छापाल किंवा संकेतस्थळावर ठेवाल तेव्हा १९०२ च्या ओळीत ‘मूळनिवासी व आशियाई स्त्री-पुरुष वगळून’ हे शब्द आणि त्याखाली १९६२ ची एक स्वतंत्र ओळ घालावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे