बंदुकीचं दुकान महाग आहे हे मान्य, पण...

संपादक महाशय,

परवा तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकानं लिहिलं होतं की गोव्यातले बंदुकांचे दुकानदार लुटतात, तीच एअरगन वेबसाइटवर हजार-दीड हजारानं स्वस्त मिळते, मग दुकानाची पायरी चढायचीच कशाला. पत्र वाचून मला हसू आलं, कारण दोन वर्षांपूर्वी शब्दन् शब्द मी हेच बोलत होतो. बायकोला कॅल्क्युलेटरवर हिशेब करून दाखवला होता. आता त्याच हिशेबाची पुढची पानं लिहितोय, जरा लांबलं तर कापा, पण निवडणुकीचं तेवढं ठेवा.

मी सत्तरी तालुक्यातला. काजूची बागायत आणि घरामागं माड-सुपारी-केळीचं छोटं कुळागर. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती म्हणतात, ती मी बघितली नाही, वडिलांची बारा बोअरची दुनळी मात्र आता माझ्या लायसन्सवर आहे, पीक संरक्षणासाठी. शहरातल्या माणसाला वाटतं बंदूक म्हणजे शिकार नाहीतर गुंडगिरी. आमच्याकडे ती बहुतेक वेळा आवाज काढायलाच लागते. रात्री रानडुकरं येऊन सुरण आणि केळीचे कोंब उकरून जातात, सकाळी बघावं तर ट्रॅक्टर फिरवल्यासारखी जमीन. गव्याला तर हात लावायचा प्रश्नच नाही, तो आपला राज्यप्राणी, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल वनमधला, त्यानं काजूची रोपं तुडवली तरी आपण लांबून बार काढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. माकडांसाठी म्हणून मला एअरगन पाहिजे होती, त्यांना मारायला नव्हे, मी माडाला एक जुना पत्रा टांगलाय, त्यावर छर्रा बसला की असा काही खणखणाट होतो की सगळी टोळी पळते. निदान आठवडाभर तरी.

तर एअरगन. 4.5 एमएमची, 20 ज्यूलपेक्षा कमी जोराची असली तर तिला लायसन्स लागत नाही, त्यामुळं ती वेबसाइटवर मिळते. दुकानात साडेआठ हजार सांगितले, मोबाइलवर सात हजार आणि वर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, फुकट. घेतली. तिसऱ्या दिवशी घरात. मार्चपासून मेपर्यंत मस्त चालली, मी चार जणांना लिंक पाठवली.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि बंदुकीचा जोर गेला. छर्रा पत्र्यापर्यंत पोचेना. मला वाटलं तेल कमी पडलं असेल, म्हणून शिलाई मशीनचं तेल नळीतून चांगलं भरपूर ओतलं आणि मारलं, तर फाटकन दुनळीसारखा आवाज आणि तोंडावर धूर! घाबरून कंपनीच्या नंबरवर फोन केला. परत करायची मुदत सात दिवस, ती कधीच संपलेली. सर्व्हिसिंग करून देऊ म्हणाले, पण बंदूक पाठवायची परराज्यात. कुरियरवाल्याकडे गेलो, त्यानं आत काय आहे विचारलं, मी प्रामाणिकपणे सांगितलं, त्यानं खोकं तसंच परत माझ्याकडे सरकवलं, बंदूक आम्ही घेत नाही म्हणून. ही बंदूक नाही, एअरगन आहे, म्हटलं. तो म्हणाला नावात गन आहे ना. पुढं काय बोलणार?

शेवटी खोकं घेऊन त्याच दुकानात, जिथं मी दीड हजारासाठी तोंड फिरवून आलो होतो. लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू. दुकानदार काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बंदूक हातात घेऊन नळीचा वास घेतला आणि पहिलं वाक्य, "तेल घालूंक तुका कोणें सांगिल्लें?" मग समजावलं. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये पिस्टन हवा इतक्या जोरात दाबतो की ती तापते, आणि आत तेल साचलेलं असलं की ते डिझेल इंजिनासारखं पेटतं, तोच तो आवाज आणि तोच धूर. जोर गेला तो पिस्टनच्या सीलमुळं, आणि माझ्या तेलानं त्या सीलचं उरलंसुरलं पण संपवून टाकलं. नवीन सील बसवलं, स्प्रिंगला बोटावर घेऊन नखाएवढं ग्रीस लावलं, मागच्या अंगणात भिंतीला टेकवलेल्या फळीवर तीन छर्रे मारून बघितले. साडेतीनशे रुपये. दुकानातनं घेतलेली असती तर हे फुकट केलं असतं, एवढंच बोलले, तेही मी विचारल्यावर.

फुकटच्या स्कोपबद्दल पण तिथंच कळलं. स्प्रिंगची एअरगन एकदा मागं आणि लगेच पुढं असे दोन उलटसुलट धक्के देते, साधा स्कोप ते सहन करू शकत नाही, आतली क्रॉसची तार सुटते. माझी सुटलेलीच होती, मला वाटत होतं माझी नजर गेली.

आता निवडणुकीचं. 2024 ची लोकसभा आठवा. 16 मार्चला आचारसंहिता लागली, आपल्याकडे मतदान 7 मेला, निकाल 4 जूनला. म्हणजे काजूचा अख्खा सीझन. आणि आचारसंहिता आली की लायसन्सच्या बंदुका जमा करा असं फर्मान येतं, बोंडू पिकून खाली पडतायत, जनावरं वासावर येतायत आणि बागायतदाराची बंदूक कुलपात. त्या फर्मानाबद्दल मला बरंच बोलायचंय पण ते वेगळं पत्र होईल. मुद्दा असा की जमा करायची कुठं. एकतर पोलीस ठाण्यात, नाहीतर लायसन्सवाल्या डीलरकडे. त्याआधी एका निवडणुकीत मी ठाण्यात दिली होती, कुठलं ठाणं ते सांगत नाही, त्यांच्याकडे तरी जागा कुठं असते बिचाऱ्यांकडे, पण परत मिळाली तेव्हा नळीवर लाल गंज आणि दस्त्याला चीर. 2024 ला काकांकडे ठेवली. पावती दिली, महिन्याचं भाडं घेतलं, आणि जूनमध्ये आणायला गेलो तर नळीत तेलाचा हात फिरवलेला, बाहेरून पुसून ठेवलेली. कुठली वेबसाइट माझी बंदूक अडीच महिने सांभाळणार आहे ते त्या पत्रलेखकानं सांगावं, मी उद्याच ऑर्डर करतो.

गोव्याचा पाऊस आणि दमट हवा लोखंडाला काय करते ते आपल्याला खिडकीच्या गजांवरून माहीत आहे. ऑनलाइन मी चामड्याचं झकास कव्हर घेतलं होतं आणि दुनळी त्यात घालून कपाटात ठेवत होतो, काकांनी ओरडून बाहेर काढायला लावली. चामडं ओल धरतं, पावसाळ्यात त्यात बंदूक ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं. कव्हर फक्त नेताना, घरी उघडी, तेल लावून, कुलपात. पूर्वीची कागदी काडतुसं तर पावसात फुगून नळीत अडकायची म्हणे, आता प्लास्टिकची येतात. हे सगळं त्यांनी कव्हर न विकता सांगितलं.

खरी बंदूक आणि काडतुसं तशीही आपल्या देशात पार्सलनं दारात येत नाहीत. लायसन्सचं पुस्तक घेऊन दुकानात उभं राहावं लागतं, खडकीच्या फॅक्टरीची शक्तिमान काडतुसं लायसन्सवर जेवढी मंजूर तेवढीच मिळतात, रजिस्टरात नोंद होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, तेव्हा ज्यांच्याकडे वाडवडिलांची तिसरी होती त्यांना ती जमा कशी करायची हेसुद्धा अशाच दुकानांतनं समजलं. पण नुसत्या काडतुसांवर दुकान चालत नाही. एअरगन, छर्रे, सफाईचं सामान, दुरुस्ती यावर त्याचं भाडं निघतं, आणि नेमकं तेच आपण मोबाइलवरनं मागवतो. मग दुकान बंद पडलं की काडतुसासाठी कदंबची बस पकडून लांबच्या शहरात जायचं आणि बंदूक दुरुस्तीला न्यायची तर त्याहून लांब.

माझा भाचा टेक्सासला असतो. मला वाटायचं तिथं सगळं घरपोच येत असेल. तो म्हणाला नाही मामा, इथंही दुकानानं ऑनलाइन विकलेली बंदूक थेट घरी येत नाही, गावातल्या लायसन्सवाल्या दुकानदाराकडे येते, तो फॉर्म भरून घेतो, एफबीआयकडून तपासणी करून घेतो आणि मगच हातात देतो, त्याची थोडी फी घेतो. लोक काय करतात, त्याच्याच दुकानात येऊन बंदुका हाताळून बघतात, खांद्याला लावून बघतात, घरी जाऊन दुसरीकडून स्वस्तात मागवतात आणि वर फी जास्त घेतो म्हणून त्यालाच शिव्या. म्हटलं अरे, हे तर आमच्याकडचंच! आणि मोठ्या मॉलवाल्यांचं म्हणाल तर त्यांना बंदूक म्हणजे शंभर रॅकांतला एक रॅक. 2019 मध्ये टेक्सासमधल्याच एल पासो शहरात वॉलमार्टच्या दुकानात गोळीबार झाला, त्यानंतर त्या कंपनीनं पिस्तुलाच्या गोळ्या विकायचं बंद केलं. तो निर्णय चूक का बरोबर यात मी पडत नाही, मला तर बरोबरच वाटतो. पण ज्या गावात त्या मोठ्या दुकानामुळं छोटं दुकान आधीच उठलं असेल तिथल्या माणसानं काय केलं असेल याचा विचार येतो.

आता काकांची बाजू घेतोय म्हणून त्यांना सोडत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद, फोन उचलायचा नाही. वाळपईहून दीड तास घालवून जावं तर शटर खाली. कुठल्याच वस्तूवर किंमत लिहिलेली नसते, माणूस बघून भाव सांगतात असा मला आजही संशय आहे. बिल मागितलं की चेहरा असा करतात की जणू मी इन्कम टॅक्सवाला. छर्ऱ्यांचा डबा वेबसाइटवर असतो त्याच्यावर शंभर रुपये जास्त. हे सुधारायला पाहिजे, एक दरपत्रक लावायला काय खर्च येतो? हेडटॉर्च, गमबूट, रेनकोट मी अजूनही ऑनलाइनच घेतो, त्यात मला काही चूक वाटत नाही, टॉर्च बिघडली तर तोंडावर फुटत नाही. पण ज्या वस्तूतनं छर्रा बाहेर पडतो ती मात्र जिथं ती उघडून बघणारा माणूस आहे तिथंच घेईन, दीड हजार जास्त गेले तरी.

त्या पत्रलेखकाची एअरगन अजून नवीन आहे असं त्यांच्या पत्रावरून दिसतं. त्यांनी एवढं करावं, तेल ओतू नये. आणि स्कोप फुकट मिळाला असेल तर फेकू नये. माझा नातू त्या तुटक्या स्कोपमधनं रोज संध्याकाळी कुळागरातल्या सुपारीवर बसणारा धनेश बघतो, तार आत लोंबकळत असते, पण चोच स्वच्छ दिसते म्हणतो.

एक बागायतदार, सत्तरी