सर्च क्लार्ककाका, प्रिन्सेस स्ट्रीटच्या कागदांसाठी मनापासून आभार

ती. काका,
सा. न. वि. वि.

प्रिन्सेस स्ट्रीटचा इतिहास आता कागदांच्या आधाराने मांडता येतो, आणि त्याचं श्रेय मिळकतींचे जुने दस्त शोधणारे सर्च क्लार्क म्हणून तुम्ही लावून दिलेल्या शिस्तीला आहे: रस्ता शोधायचा नाही, मिळकत शोधायची.

1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने मरीन लाइन्सकडून काळबादेवीकडे भर वस्तीतून हा रस्ता काढला, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यासाठी कोणाची घरं गेली? जुन्या अनुक्रमणिकेत ‘प्रिन्सेस स्ट्रीट’ शोधणारा इथेच अडतो. जमिनी ताब्यात घेतल्या तेव्हा त्या नावाचा रस्ताच नव्हता. आणि अलीकडच्या दस्तांत पाहावं, तर तो शामळदास गांधी मार्ग झालेला!

म्हणून सुरुवात भुलेश्वर डिव्हिजनच्या, म्हणजे त्या महसुली विभागाच्या, मिळकत पत्रिकेपासून (प्रॉपर्टी कार्डापासून). तिच्यावरचा सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर, म्हणजे भूमापनातला मिळकतीचा क्रमांक, हा कणा. (उपनगरातला सीटीएस नंबर वेगळा, अर्जात तो शब्द पडला की भलत्याच टेबलावर पाठवतात.) त्याच पत्रिकेवर लॉटन सर्व्हे नंबर असतो, म्हणजे 1865 ते 1872 च्या मोजणीचा, आणि कलेक्टरचे जुना व नवा असे आणखी दोन. हे चारही आकडे एका ओळीत लिहून ठेवल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण प्रत्येक दप्तर यांतला वेगळाच आकडा मागतं. महापालिकेचे वॉर्ड नंबर आणि स्ट्रीट नंबर मधे बदललेले असतात, त्यामुळे ते फक्त पडताळणीला.

मग खरेदीखतं आणि गहाणखतं. नोंदणी कार्यालयाच्या सूचींपैकी इंडेक्स टू मिळकतीवरून लागतो, इंडेक्स वन नावावरून. नावावरून पाहताना एकच वासुदेव इंग्रजी व्हीखाली आणि डब्ल्यूखालीही पाहायचा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर निम्मे दस्त हुकले असते. दस्ताचा मजकूर लांबलचक. आपल्याला हवं ते शेवटच्या परिशिष्टात, चतुःसीमेत, म्हणजे मिळकतीच्या चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनात. एका दस्तात पश्चिमेला शेजाऱ्याचं घर आणि त्याच मिळकतीच्या पुढच्या दस्तात पश्चिमेला रस्ता दिसला, की रस्ता त्या दोन तारखांच्या मधे आला. ही खूण आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. तिला नकाशाही लागत नाही.

क्षेत्रफळाचंही तसंच. जुनी नोंद चौरस वारांत, नवी चौरस मीटरमध्ये; 1 चौरस वार म्हणजे 0.836 चौरस मीटर. समजा, जुन्या नोंदीत 250 वार आहेत. त्याचे 209 मीटर व्हायला हवेत. नव्या पत्रिकेवर 180 दिसले, तर उरलेले 29 सेटबॅकमध्ये, म्हणजे रुंदीकरणासाठी सोडलेल्या पट्टीत, रस्त्याला गेले का, हे फेरफाराच्या नोंदीत पाहायचं. रूपांतर न करता आकडे शेजारी मांडले, तर नसलेलं रुंदीकरण दिसू लागतं.

नकाशाच्या झेरॉक्सवर तुमचा राग होता, तो रास्तच. 1 इंचाला 40 फूट या मापाच्या शीटवर 60 फुटी रस्ता दीड इंच भरतो. प्रत लहान निघाली की तोच 50 फुटी ठरतो. आता आम्ही आधी नकाशावर छापलेली मापपट्टी मोजतो, मगच रस्ता.

एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मागणीपत्र कसं भरायचं, तेही तुमच्याकडूनच कळलं: साल, खातं, व्हॉल्यूम, कंपायलेशन नंबर (खंडातल्या एका प्रकरणाच्या कागदांचा क्रमांक). यातलं एक चुकलं तर भलताच गठ्ठा येतो. नुकसानभरपाईचे वाद लांबलेले असल्याने पुढच्या दोन-तीन सालांचे खंडही चाळायचे.

आता सँडहर्स्ट रोड हाती घेतला आहे. स्टेशनाला ते नाव आजही आहे, रस्ता मात्र सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला, तेव्हा इथेही नावाच्या मागे न लागता सी. एस. नंबरांची यादी आधी करतो आहोत. तयार झाली की तुमच्या नजरेखालून घालू. चुका निःसंकोच दाखवाव्यात.

आपले ऋणी,
मुंबईच्या रस्त्यांचे अभ्यासक