आईबाबांना मुंबई दाखवताना

महोदय,

दिवाळीनंतर आईबाबा औशाहून डोंबिवलीला आले होते. सीएसएमटीला २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, हे मी कौतुकाने सांगत होतो. बाबा मात्र दगडात कोरलेल्या मोराकडे टक लावून. (जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, दुसरं काय बघणार!) आईचा प्रश्न साधा होता : बसायचं कुठे? शेवटी गुडघे धरून ती पदपथाच्या कडेलाच टेकली. शिवाय वाटेत स्वच्छतागृह सापडेल की नाही, या धास्तीने सकाळपासून घोटभर पाणी प्यायली नव्हती. पर्यटनाच्या जाहिराती सावकाश करा. आधी चार बाकडी आणि ठळक पाटी लावलेली स्वच्छतागृहं तेवढी द्या. राणीच्या बागेत झाडाखाली बाक मिळालं, तेव्हा आई तिथून हलायलाच तयार नव्हती.

– एक वाचक, डोंबिवली