एस्नाहून पत्र

लक्सॉर, २३ नोव्हेंबर

प्रिय शुभा,

आप्पांचं मडकी घडवायचं चाक मोडीत द्यायचं ठरतंय असं तू लिहिलंस, तेव्हापासून काय उत्तर द्यावं सुचत नव्हतं. आज एस्नाला जाऊन आले आणि आल्या आल्या लिहायला बसले.

एस्ना इथून दक्षिणेला, नाईलच्या पश्चिम काठावर. तिथलं खनूम या इजिप्शियन देवाचं देऊळ आजच्या रस्त्याच्या जवळजवळ ९ मीटर खाली आहे. शतकानुशतकं घरांवर घरं होत गाव वर चढलं, देऊळ होतं तिथंच राहिलं. गाभारा आता नाही. उरलाय तो पुढचा खांबांचा मंडप, रोमन बादशहा क्लॉडियसच्या काळातला. त्यावरचं कोरीवकाम तिसऱ्या शतकापर्यंत, बादशहा डेशियसच्या नावापर्यंत चाललं.

पायऱ्या उतरून आत गेले आणि मान वर केली ती खाली येईना. २४ खांब, माथ्यावर दगडात फुललेला पपायरस, खजुरीच्या झावळ्या, आणि सगळं रंगीत! निळा, पिवळा, तांबडा, हिरवा. पुढच्या ओळीतले खांब अर्ध्या उंचीच्या भिंतींनी जोडलेत, त्यामुळे ऊन वरच्या अंगानं आत येतं आणि आधी त्या रंगांवर पडतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथं नुसती काजळी होती. माणसं आत राहिली, विस्तव पेटवले, १९व्या शतकात तर कापूस साठवला. २०१८पासून इजिप्शियन आणि जर्मन मंडळींनी ती काजळी, धूळ, पक्ष्यांची घाण हलक्या हातानं काढली. नवा रंग कुठंही भरला नाही. मला हेच सगळ्यात मोठं वाटलं. काजळीखाली नुसत्या शाईनं लिहिलेली अक्षरंही निघाली, कोरलेली नसल्यामुळे तोवर कुणाला दिसलीच नव्हती.

छतावर आपल्या राशी आहेत गं! विंचू, धनुर्धारी, सगळ्या. बाबिलोनहून निघालेल्या या राशी ग्रीकांच्या हातून इकडेही आल्या आणि आपल्याकडेही. शेजारी मगरीच्या तोंडाचा, सापाच्या शेपटीचा, चार पंखांचा एक पक्षी. त्याच्यापाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

पण तुला सांगायचं ते वेगळंच. खनूम हा कुंभार देव. मेंढ्याचं तोंड, समोर चाक, चाकावर माणूस. इथल्या खांबांवर त्याची स्तोत्रं कोरली आहेत. त्यानं हाडांना रक्त कसं जोडलं, अंगावर कातडी कशी बसवली, केस कसे उगवले, पाठीला कणा कसा दिला, सगळं क्रमानं. परमुलखातली, निराळ्या बोलीची माणसंही त्यानंच घडवली असं म्हटलंय. इथं चाक बसवण्याचा सण होता. त्या सणाच्या मजकुरात येतं, की खनूमनं आपलं चाक प्रत्येक मादीच्या उदरात बसवलं, म्हणजे घडवणं थांबायला नको.

हे कळलं तेव्हा मला तुमची पडवी दिसली. आप्पा चाकाला काठीनं गती देताहेत आणि आपण दोघी ओल्या मातीत हात घालून बसलोय. तुझी ईशा आता सातव्या महिन्यात ना?

चाक देऊ नकोस, शुभा. जागा नसेल तर माझ्या अंगणात ठेवू. मी १० डिसेंबरला पोचते, तोवर भंगारवाल्याला थांबव.

तुझी,
वसुधा