मनूस, डब्यासोबत

रत्नागिरी
रविवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

उद्या पहाटे ओंकार निघतोय. तीन किलो सामान न्यायला तो कबूल झाला आणि त्यातले जवळजवळ सगळे मी लोखंडाला दिले, म्हणून बाबा सकाळपासून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचे लाडू राहिले. आपला मेकॅनोचा जुना डबा काट्यावर दोन किलो आठशे भरला, उरलेल्या दोनशेत मेतकूट बसवलंय. पाना आणि पेचकस डब्यातच आहेत, तेव्हा डबा मोठ्या बॅगेतच ठेव, हातातल्या बॅगेत नको, असं ओंकारला तीनदा बजावलंय.

बोटाबद्दल मी काही लिहिणार नाही. तू फोन दुसऱ्या हातात घेतलास तेव्हाच ठरवलं, विचारायचं नाही. तरी विचारलं गेलंच. ‘काही नाही गं, जरा लागलंय,’ म्हणालीस. जरा लागलेल्याला नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत पट्टी? आणि उजव्या हाताची तर्जनी. असो.

डबा ओळखशीलच, भोकांच्या लोखंडी पट्ट्या जोडून क्रेन नि पूल बांधायचं ते खेळणं. आप्पाकाकांनी आणला तेव्हा मी आठ वर्षांची, म्हणजे १९६८. त्यांची बोट लिव्हरपूलला लागली होती आणि गोदीजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना तो मिळाला. हिरव्या पट्ट्या, तांबडे पत्रे, बोल्टच्या चौकोनी चाक्या (नट), आणि कुणीतरी वेगळी घेऊन टाकलेली दोन पितळी दातेरी चाकं. झाकणाच्या आत पेन्सिलीने आकडे लिहिलेत, ते त्या आधीच्या मुलाचे. खेळून झालं की चाक्या मोजून ठेवत असणार. मला तो अनोळखी मुलगा तेव्हापासून आवडतो.

मेकॅनोच्या जुन्या जाहिराती नि झाकणं बघशील तर त्यांवर बहुतेक मुलगेच दिसतील. आमच्या घरीही तसंच. डबा नानामामाचा. तो क्रेन बांधायचा आणि मी चाक्या मोजून पत्र्याच्या डबीत भरायची, बोटं काळी होईपर्यंत. आई म्हणायची, तुला काय करायचंय त्यातलं. पण मोजता मोजता मला एक कळलं. सगळ्या भोकांमधलं अंतर सारखंच, अर्धा इंच. कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीवर ठेव, भोकाखाली भोक येतंच. १९२० सालची पट्टी १९६० सालच्या पट्टीला जुळते, कारण ना ते अंतर बदललं, ना बोल्टचे आटे. इतकी वर्षं कुणी एक माप पाळतं याचं मला अजूनही भारी वाटतं.

हे ज्याने काढलं तो फ्रँक हॉर्नबी इंजिनिअर नव्हता. लिव्हरपूलमध्ये मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचा. रोलंड आणि डग्लस या आपल्या मुलांसाठी तो घरी पत्रा कापून, भोकं पाडून खेळणी करायचा. मालकाकडून पाच पौंड उसने घेऊन १९०१ साली त्याने पेटंट घेतलं. मेकॅनो हे नाव मागाहून, १९०७ मध्ये आलं. लिव्हरपूलमधला बिन्स रोडचा मेकॅनोचा कारखाना १९१४ पासून चालला आणि १९७९ च्या नोव्हेंबरात बंद पडला. मी तेव्हा कॉलेजात होते. आप्पाकाका गेलेले होते, नाहीतर त्यांनाच सांगितलं असतं.

पायथागोरसही मी पोरांना याच डब्यातून शिकवला. चार भोकांची पट्टी, पाच भोकांची आणि सहा भोकांची. टोकाला टोक जोडलं की काटकोन. दरवर्षी कुणीतरी उठून म्हणायचं, बाई, हे तर चार-पाच-सहा झालं! मग सांगायचं, भोकं मोजू नका, भोकांमधली अंतरं मोजा. बत्तीस वर्षं सांगितलं. चार पट्ट्यांचा चौकोन हाताने दाबला की वाकडा व्हायचा, मग एक तिरकी पट्टी मारायची. तू हे पाच वर्षांची असताना स्वतः शोधलंस. पडवीत बसून तुझ्या त्या मेकॅनोसारख्याच मेकॅनिक्सच्या डब्यातून पूल बांधत होतीस, तो सारखा कलत होता, आणि मी मुद्दाम काही बोलले नाही. एक तास गेला. मग तू कर्ण मारलास आणि माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या पदवीदान समारंभात मला तोच चेहरा दिसत होता.

मनू, फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालत नाहीत ना गं? ड्रिल म्हण, लेथ म्हण, मोज्याचा एक धागा अडकला तर पूर्ण हात ओढला जातो. अंगठी काढून ठेवतेस ना? आजीची आहे म्हणून बोटात ठेवली पाहिजे असं काही नाही, आजीही काढच म्हणाली असती. वेणी आत खोचायची, ओढणी तर नकोच. यंत्र बंद केल्यावर पूर्ण थांबेपर्यंत हात घालायचा नाही, मग पाठीमागे साहेब उभा असला तरी. आणि कुणी घाई करत असेल तर स्पष्ट सांगायचं, घाई होणार नाही.

हे वाचून तू डोळे मिटून घेतले असशील. चुकलंच माझं. यंत्रावर तू काम करतेस, मी फळ्यावर केलं. तुला हे सगळं माझ्याआधी कळलेलं असणार. खोडायला घेतलं होतं, पण खोडलेलं पत्र बघून तुला जास्तच काळजी वाटेल, म्हणून राहू दिलं.

तू आहेस त्या मँचेस्टरमध्येच १९३४ साली डग्लस हार्ट्री या प्राध्यापकांनी आणि आर्थर पोर्टर या त्यांच्या विद्यार्थ्याने मेकॅनोचे भाग जुळवून डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे बदलत्या राशींची समीकरणं, सोडवणारं यंत्र केलं. खर्च वीस पौंडांच्या आसपास. अमेरिकेतलं मोठं यंत्र बघून हार्ट्रींना वाटलं, हे तर मेकॅनोसारखंच दिसतंय. उत्तरात दोनेक टक्के चूक यायची, तरी त्यावर अणूच्या रचनेची खरी गणितं सोडवली. मी हे वर्गात सांगायची तेव्हा मागच्या बाकावरचीसुद्धा गप्प व्हायची. तुला त्याच गावात नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली आणि हार्ट्रींचंही नाव घेतलं.

आप्पाकाकांचा हात तुला आठवणार नाही, तू त्यांना फक्त फोटोत पाहिलंस, आणि फोटोत ते डावा हात नेहमी पाठीमागे धरतात. त्या हाताला तीन बोटं होती. इंजिनरूममध्ये गेली दोन. घरी त्यांचं पत्र आलं त्यात हवापाणी, बोटीवरचा भात, देवगडच्या कलमांची चौकशी, आणि शेवटी एक ओळ, ‘हाताला जरा लागले आहे, काळजी नसावी.’ बाकीचं आठ महिन्यांनी ते दारात उभे राहिले तेव्हा कळलं. आजीने ते पत्र देव्हाऱ्याखालच्या फडताळात शेवटपर्यंत ठेवलं होतं. त्याच खेपेला त्यांनी डबा आणला. तीन बोटांनी चाकी धरून उजव्या हाताने पाना फिरवायचे. दोन चाक्या एकमेकींवर आवळून बोल्ट सैल कसा ठेवायचा, म्हणजे सांधा फिरतो पण सुटत नाही, हे त्यांनी दाखवलं ते नानामामाला नाही, मला. तो झोपल्यावर.

म्हणून ते ‘जरा’ मला सोसवत नाही. आणखी काही नाही.

डब्यात खाली कागदाची पुडी आहे. तीत मोठं पितळी चाक आहे, ५७ दात्यांचं. लहान चाक १९ दात्यांचं, ते तीनदा फिरलं की हे एकदा फिरतं. दाते मोजून हे मला कळलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि कुणाला दाखवायची सोय नव्हती, म्हणून ते चाक मी कंपासपेटीत लपवलं. नानामामाने सगळा माळा पालथा घातला. त्याची क्रेन मग कधी वजन उचलू शकली नाही. मागच्या महिन्यात त्याला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, ‘मनूला दे.’

तेव्हा ते तुझं. चाक्या मोजून घे, झाकणात आकडा आहे त्यापेक्षा चार कमी भरतील.

आणि फोटो पाठव. पट्टी काढून. बाबांनाही बघायचाय, ते म्हणत नाहीत एवढंच.

तुझी
आई