आवाज कमी पडत नाही, पट्टी चुकते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मुलींच्या गायनसमूहांवरचा लेख दोनदा वाचला. अँड्र्यूज भगिनी, सुप्रीम्स, स्पाइस गर्ल्स यांच्यावर मराठीत कुणी एवढ्या आपुलकीने लिहीत नाही, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण शेवटच्या परिच्छेदाने सगळ्यावर पाणी फिरवलं. आपल्याकडे बायकांच्या समूहगायनाची परंपरा रुजलीच नाही, आणि कोकणातल्या महिला भजनी मंडळांचे आवाज 'मुळात बारीक, माईकवर कमी पडतात', असं तिथे छापलं आहे. गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या महिला भजन स्पर्धेत परीक्षकांच्या कागदावरही हाच शेरा होता: 'आवाज कमी पडला'. एका मंडळाच्या नव्हे, सात मंडळांच्या नावापुढे. म्हणून हे पत्र.

त्या स्पर्धेत पेटी आणि पखवाज आयोजकांचे होते. पखवाज काळी एकला (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला; पांढरी पाच, काळी चार ही नावंही अशीच) चढवलेला, कारण आदल्या रात्री त्याच मंचावर पुरुष बुवांची बारी (भजनाचा सामना) झाली होती. दोन मंडळांनी पट्टी, म्हणजे सा धरायचा सूर, बदलून मागितली, त्यांना 'वेळ नाही' एवढंच उत्तर मिळालं. मग वीस मिनिटांत गजर, रूपाचा अभंग, गौळण, शेवटचा गजर, सगळं काळी एकमध्ये. बारा बायकांनी महिनाभर घरचं आवरून रात्री नऊनंतर जी तालीम केली, ती पहिल्या पाच मिनिटांत वाया गेली. पुढे जे झालं ते आवाजामुळे झालं नाही, साध्या हिशेबामुळे झालं. तो हिशेब आयोजक, परीक्षक आणि आपले लेखक या तिघांनीही समजून घ्यावा.

पुरुषाच्या षड्जात आणि बाईच्या षड्जात साधारण सा ते प एवढं अंतर असतं. पूर्ण सप्तकाचं असतं तर अडचणच नव्हती, बायका सरळ एक सप्तक वर गायल्या असत्या. पण बुवा काळी एक, काळी दोनमध्ये गातात, तेव्हा बहुतेक बायकांचा मोकळा आवाज पांढरी पाच ते काळी पाच या टप्प्यात बसतो. बाईने काळी एकचा वरचा सा धरला, तर गौळणीचा अंतरा तार गंधारावर जाताच गळा चिरतो. खालचा सा धरला, तर अभंगाचं ध्रुवपद खर्जात बुडतं आणि सुराऐवजी नुसती हवा ऐकू येते. म्हणून मंडळ मधेच उडी मारतं, निम्मा कोरस वर आणि निम्मा खाली. समोर बसलेल्याला वाटतं, आवाज बारीक आहे आणि सूरही हलतो आहे. खरं तर बारा धडधाकट गळे चुकीच्या मापाच्या पोलक्यात कोंबलेले असतात.

पडताळा घ्यायचा असेल तर गणपतीत गौरीच्या रात्री कुठल्याही वाडीत उभं राहा. पेटी नाही, माईक नाही, पंधरा-वीस बायका फुगडीला उभ्या आहेत आणि गाणं पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) पलीकडच्या घरात ऐकू येतं. सूर त्यांचा त्यांनीच धरलेला असतो. पेटी नेऊन तो तपासा, बहुधा काळी चारच्या आगेमागेच निघेल. त्याच बायका, तेच गळे, पंधरा दिवसांनी स्पर्धेच्या मंचावर 'बारीक' कशा होतात?

पखवाजाचं म्हणाल तर काळी एकचा पखवाज काळी चारला चढत नाही, हे खरं आहे. जबरदस्तीने गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकले तर पुडी (वाजवायचं कातडं) गजऱ्यापाशी, म्हणजे काठाच्या वेणीपाशी, फाटते. पण तसं चढवायची गरजही नाही. काळी चार हा सा धरला की काळी एक हा त्याचा मध्यम होतो. म्हणजे पखवाजाला हातोडीही न लावता तो बायकांच्या पट्टीत चालतो, फक्त तानपुऱ्यावर पंचमाऐवजी मध्यम ठेवायचा. मध्यम कानाला खटकत असेल, तर पखवाज काळी दोनपर्यंत, म्हणजे एकच स्वर वर घ्यायचा, की तो काळी चारचा पंचम झाला. चांगली पुडी एवढं सोसते. काळी पाचमध्ये गाणाऱ्या मंडळाला तोच काळी दोनचा पखवाज मध्यम म्हणून चालतो. दोन पखवाज मंचामागे तयार ठेवले, एक काळी एकला आणि एक काळी दोनला, तर तालुक्यातली जवळजवळ सगळी महिला मंडळं त्यात बसतात. श्रावण-भाद्रपदात दमट हवेने पुडी उतरते, म्हणून प्रत्येक मंडळाआधी दोन मिनिटं सूर तपासायला द्यावी लागतात. धुमेची (पखवाजाच्या डाव्या तोंडाची) कणीकही दर दीड-दोन तासांनी बदलावी लागते, सुकलेल्या कणकेवर धुमेचा आवाज टणक होतो आणि बायकांच्या खालच्या सुरांवर चढून बसतो.

पेटीवाल्यांची तक्रार असते की काळी चारमध्ये बोटं बसत नाहीत. बसतात. शुद्ध स्वरांत काळी एक आणि काळी चार यांची बोटं एक स्वर सोडला तर सारखीच आहेत: सा-रे काळ्यांवर, ग पांढरीवर, म-प काळ्यांवर, नी पांढरीवर. फक्त धैवत काळी पाचवरून उतरून पांढरी चारवर येतो. कोमल स्वरांत तेवढा कोमल निषाद बदलतो, पांढरी सातच्या जागी काळी तीन. रोज अर्धा तास दिला तर आठ दिवसांत हात बसतो.

मंडळांनीही आपली पट्टी आधीच ठरवून, कागदावर लिहून न्यावी. पांढरी पाचपासून सुरुवात करा. बसवलेल्या गाण्यांतली सगळ्यात उंच ओळ आणि सगळ्यात खालची ओळ म्हणा, मग अर्धा-अर्धा स्वर वर चढत जा. मुख्य गायिकेला उंच ओळ लागोपाठ तीनदा मानेच्या शिरा न ताणता म्हणता आली पाहिजे. जिथे तिसऱ्या वेळी ओढ लागते, तिथून अर्धा स्वर खाली या, ती तुमची पट्टी. मोबाईलवर तानपुरा लावत असाल तर काळी चार म्हणजे जी शार्प. मंडळात दोघी-तिघी खालच्या आवाजाच्या असतातच. त्यांना गप्प बसवू नका, त्यांच्यामुळेच कोरसला जाडी येते. गंगूबाई हनगलांचा आवाज शस्त्रक्रियेनंतर पुरुषी भरदार झाला आणि त्याच आवाजावर त्यांनी उभा हिंदुस्थान गाजवला. लेखात ज्यांचं एवढं कौतुक आहे त्या अँड्र्यूज भगिनींची मांडणीही हीच होती: लाव्हर्न खाली, मॅक्सीन वर, पॅटी मधे आणि मुख्य. तिघींच्या गळ्यांना गाणं बेतलेलं होतं, म्हणून 1937 च्या रेकॉर्डवरही तिन्ही आवाज वेगवेगळे ओळखू येतात.

आता माईक. त्या स्पर्धेत पेटीला एक, पखवाजाला दोन आणि बारा बायकांना मिळून एक माईक होता. झांजवाली त्या एकुलत्या माईकच्या शेजारी. झांज माईकमध्ये शिरली की ध्वनीवाला आवाज खाली घेतो आणि झांजेबरोबर गाणंही खाली जातं. पेटीला माईक नसला तरी चालतं, ती गायिकेच्या माईकमध्ये येतेच. तोच माईक कोरसला द्या. मुख्य गायिकेच्या तोंडापासून चार बोटं, कोरसला दोन माईक हातभर अंतरावर, बायका अर्धगोलात, झांज मागे. दोन माईकमधलं अंतर हे तोंड ते माईक या अंतराच्या तिप्पट तरी असावं, नाहीतर एकच आवाज दोन्हींत शिरून पोकळ होतो. बास आणि ट्रेबल दोन्ही वर आणि मधलं खाली अशी मांडणी डीजेला शोभते. माणसाचा आवाज त्या मधल्या पट्ट्यातच असतो, तिथेच बटण खाली असलं तर कुठलाही गळा कमी पडेल. आणि एको बंद करा. दुगणीतल्या (दुप्पट लयीतल्या) गजरात एकोमुळे मागचा शब्द पुढच्यावर चढतो, विठ्ठलाचं नावसुद्धा धड ऐकू येत नाही.

परंपरेबद्दल लेखकाला एवढंच सांगायचं आहे की ती शोधायला सुप्रीम्सच्या डेट्रॉइटपर्यंत जावं लागत नाही. सुप्रीम्सनी 1964 ते 1969 या काळात अमेरिकेत बारा गाणी पहिल्या क्रमांकावर नेली, हे मोठंच काम. पण आपल्याकडेही हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे या सख्ख्या बहिणी एका मंचावर जुगलबंदी गात होत्या. आणि आपल्या किनाऱ्याचं काय सांगावं! गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर गेली, पृथ्वीचा आवाज म्हणून. जेमतेम साडेतीन मिनिटं, पण त्यातला 'आ'कार ऐका, कुठेही चिमटलेला नाही. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरांची लयीवरची पकड ऐका. त्यांचं गाव साळावली धरणाखाली गेलं, मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं, गाणं मात्र त्यांच्या लेकीपर्यंत, किशोरीताई आमोणकरांपर्यंत आणि पुढे चालत राहिलं. बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे 1933 मध्ये बाई म्हणून बाईची भूमिका करायला रंगभूमीवर उभ्या राहिल्या आणि 'बोला अमृत बोला' आजही आपल्या घराघरांत गुणगुणलं जातं. मंगेशीशी नातं सांगणाऱ्या लताबाईंचा आवाज 1948 च्या सुमारास एका निर्मात्याने 'फार बारीक' म्हणून नाकारला होता. हा शब्द तेव्हाही चुकीचा होता.

जाता जाता आणखी एक गोष्ट, ती थेट आपल्या पानांबद्दल. पुरुष बुवांच्या बारीच्या बातमीत बुवा, पखवाजी, चकीवादक, सगळ्यांची नावं गावासकट असतात. महिला मंडळाच्या बातमीत 'महिलांनी सुश्राव्य भजन सादर केले' एवढी ओळ, आणि फोटोखाली 'सहभागी महिला'. त्यांच्या पखवाजवादिकेचं नाव गेल्या गणपतीतल्या एकाही बातमीत आलं नाही, आणि बाई पखवाज वाजवते ही एरवी तुमच्याच दृष्टीने बातमी असायला हवी. 1902 मध्ये गौहर जान रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगायच्या, परदेशात तबकडी बनवणाऱ्यांना कळावं म्हणून. 1949 मध्ये 'महल'च्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', ते पडद्यावरच्या पात्राचं. लताबाईंचं नाव श्रोत्यांना विचारून घ्यावं लागलं. आपण अजून त्या 'कामिनी'पाशीच थांबलो आहोत. मंडळं नावांची यादी देतात, अर्जासोबत जोडलेलीच असते. बारा नावांना तीन ओळी लागतात.

नवरात्रात पुढच्या स्पर्धा आहेत. आयोजक आपला पेपर वाचतात, म्हणून इथेच मागतो: नियमपत्रिकेत 'प्रत्येक मंडळाने आपली पट्टी अर्जात लिहावी' ही ओळ घालावी, काळी एक आणि काळी दोन असे दोन पखवाज ठेवावेत आणि दोन मंडळांमध्ये पाच मिनिटं सोडावीत. शेवटच्या परिच्छेदातलं ते वाक्य आपण दुरुस्तीसह छापावं, अशी विनंती आहे. आणि लेखकाला गौरीच्या रात्री कुडाळ तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत यायचं आमंत्रण. खळ्यात (अंगणात) बसायला जागा आहे.

आपला नियमित वाचक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग