स्पर्धकांच्या संयुक्त संशोधनासाठी निधीत राखीव हिस्सा हवा

महोदय,

संशोधनावरील खर्चाची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच आकड्यापाशी येऊन थांबते. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन आणि विकासावरील एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. चीन, जपान आणि दक्षिण कोरियात हा वाटा तीन-चतुर्थांशाहून अधिक आहे. ही तफावत आपल्या उद्योगांना शोभणारी नाही. ती कमी व्हावी म्हणूनच केंद्राने जुलै २०२५ मध्ये संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली असून, तिच्यातून खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीची, अल्प व्याजाची किंवा बिनव्याजी कर्जे द्यायची आहेत. माझे म्हणणे एवढेच की, पैसा किती खर्च झाला याबरोबरच एकाच प्रश्नावर तो किती ठिकाणी पुन्हा पुन्हा खर्च झाला, हेही पाहिले जावे. आणि त्यासाठी या निधीचा एक ठरावीक हिस्सा, एरवी बाजारात एकमेकींशी झुंजणाऱ्या कंपन्यांच्या संयुक्त संशोधनाला राखून ठेवावा.

या बाबतीत अमेरिकेतील ‘सेमाटेक’ या चिप कंपन्यांच्या संयुक्त संशोधन संस्थेचा अनुभव तपशिलाने पाहण्याजोगा आहे. जपानमध्ये फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी, एनईसी आणि तोशिबा या स्पर्धक कंपन्यांनी १९७६ पासून चार वर्षे सरकारी मदतीने चिपनिर्मितीवर एकत्र संशोधन केले आणि पुढच्या दशकात जपानी कंपन्यांनी मेमरी चिपच्या बाजारात अमेरिकी कंपन्यांना मागे टाकले. अमेरिकेने १९८४ मध्ये कायदा करून संयुक्त संशोधनावरील मक्तेदारीविरोधी कायद्याचा धाक कमी केला. त्यानंतर १९८७ मध्ये इंटेल, एएमडी, आयबीएम, मोटोरोला यांच्यासह १४ कंपन्यांनी सेमाटेक स्थापन केली. टेक्सासमधील ऑस्टिन येथे तिचे काम सुरू झाले. सरकारकडून वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर आणि साधारण तेवढीच रक्कम कंपन्यांकडून, अशी पैशांची व्यवस्था होती. इंटिग्रेटेड सर्किटच्या जनकांपैकी एक असलेले रॉबर्ट नॉइस तिचे पहिले प्रमुख झाले.

मात्र ठरले होते एक आणि झाले वेगळेच. चिप बनवण्याची प्रक्रिया सर्वांनी मिळून विकसित करावी, असा मूळ बेत होता. पण आपली खरी गुपिते घेऊन ऑस्टिनला येण्याची कोणाचीच तयारी नव्हती, आणि त्यात नवल ते काय? मार्ग निघाला तो सर्वांच्या समान अडचणीतून. सगळ्यांनाच यंत्रे पुरवणारे देशी उत्पादक दुबळे झाले होते आणि प्रत्येक चिप कंपनी त्यांच्याकडे आपापल्या वेगळ्या मागण्या घेऊन जात होती. सेमाटेकने यंत्रांची चाचणी, मानके आणि सुधारणा हे काम सामाईक केले. त्या यंत्रांवर चिप कशी बनवायची, ती स्पर्धा जिथल्या तिथे राहिली. पुढे इर्विन आणि क्लेनो या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, सेमाटेकमुळे सदस्य कंपन्यांचा एकूण संशोधन खर्च वर्षाला सुमारे ३० कोटी डॉलरने घटला. केवळ टक्केवारी मोजणाऱ्याला हे अपयश वाटेल. प्रत्यक्षात तेच काम वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा करण्याची गरज कमी झाली, असाच त्याचा अर्थ लावणे अधिक योग्य ठरेल.

आपल्यालाही ही वाट अगदीच अनोळखी नाही. पुण्यात वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था १९६६ मध्ये वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांनी मिळूनच उभी केली. मात्र वाहनांची चाचणी आणि प्रमाणीकरण यांपलीकडे, मूलभूत प्रश्नांवर स्पर्धकांनी एकत्र पैसा लावणे तिथे आणखी कितीतरी वाढू शकते. विजेवरील दुचाकींना २०२२ च्या उन्हाळ्यात लागलेल्या आगी आठवाव्यात. पुण्यातही लोहगाव भागात अशी घटना घडली होती. आपल्या उन्हात, खड्ड्यांतून आणि पावसाच्या पाण्यातून वर्षानुवर्षे धावल्यावर बॅटरीच्या सेलचे काय होते, ही माहिती एकाच कंपनीने दडवून ठेवण्यात कोणाचेच भले नाही, कारण एका गाडीला आग लागली की ग्राहक सगळ्याच कंपन्यांकडे संशयाने पाहू लागतो. दुसरे उदाहरण चुंबकांचे. चीनने एप्रिल २०२५ मध्ये काही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा विजेवरील गाड्यांच्या मोटरींसाठी त्यांवर अवलंबून असलेल्या आपल्याकडील कट्टर स्पर्धक वाहन कंपन्या एकाच वेळी अडचणीत आल्या. अशा चुंबकांशिवाय चालणारी मोटर हा संयुक्त संशोधनाचा विषय नाही, तर दुसरा कोणता?

अर्थात स्पर्धक एका टेबलाभोवती बसले की ग्राहकाने सावध राहावे, हेही खरे. डेमलर, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूह यांनी डिझेलचा धूर स्वच्छ करण्याच्या तंत्राविषयी तांत्रिक बैठकांत चर्चा करता करता, कायद्याने आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक स्वच्छतेसाठी आपसांत स्पर्धा करायची नाही, असे संगनमत केले. युरोपीय आयोगाने त्याबद्दल २०२१ मध्ये एकूण ८७.५ कोटी युरो दंड ठोठावला. डेमलर सुटली ती स्वतःच हा प्रकार उघड केल्यामुळे. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना सवलत आहे, पण ती मोघम शब्दांत आहे. काय चालेल आणि काय चालणार नाही, हे भारतीय स्पर्धा आयोगाने संशोधनापुरते उदाहरणांसह जाहीर केले, तर कंपन्यांच्या विधी विभागांना नकार देण्यासाठी सबब उरणार नाही.

शेवटी, वर्गणीचा मुद्दा. सेमाटेकमध्ये ती विक्रीच्या प्रमाणात असली, तरी किमान १० लाख डॉलर भरावेच लागत, आणि ही संस्था बड्यांचा क्लब असल्याची तक्रार छोट्या कंपन्या तेव्हापासून करत होत्या. आपल्याकडे भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकांवर ती पाळी येऊ नये. त्यांच्यासाठी किमान वर्गणीची अट ठेवू नये आणि सरकारी पैशातून निघालेले चाचण्यांचे निष्कर्ष ठरावीक मुदतीनंतर त्यांना विनामूल्य मिळावेत, असे कर्जाच्या करारातच नमूद करावे.

आपला,
एक निवृत्त अभियंता, पुणे